दुसऱ्या जागेवरचा ए मायनर

गिटारवरचा सगळ्यात सोपा ए मायनर एका बोटाने वाजतो. डाव्या हाताची तर्जनी पाचव्या फ्रेटपाशी आडवी टेकवायची, तिच्याखाली फक्त तीन बारीक तारा दाबायच्या आणि तेवढ्याच छेडायच्या. तिसऱ्या तारेवर सी, दुसरीवर ई, पहिलीवर ए. ए मायनर व्हायला एवढे तीन स्वर पुरतात. तरी गिटारच्या क्लासात नवख्याला हा कॉर्ड सहसा असा दाखवत नाहीत. त्याला दाखवतात तो पहिल्या दोन फ्रेटच्या अरुंद जागेत तीन बोटं कोंबायचा ओपन कॉर्ड. मधलं बोट चौथ्या तारेवर आणि अनामिका तिसऱ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला. तर्जनी दुसऱ्या तारेवर, पहिल्या फ्रेटला. पाचवी आणि पहिली तार मोकळी. सहावी वाजवायचीच नाही. बोटांची टोकं दुखतात, एखाद्या बोटाची कड शेजारच्या तारेला लागते आणि ती तार मुकी होते. दोन-तीन आठवडे असे गेले की कधीतरी पाचही तारा खणखणीत वाजतात, आणि त्या दिवशी शिकणारा आणि शिकवणारा दोघंही धरून चालतात की ए मायनर आला. गिटार शिकवण्याच्या कामात माझं मत हळूहळू याच्या उलट होत गेलं आहे. त्या दिवशी आलेला असतो तो हाताचा एक आकार. कॉर्ड कळायला लागतो तो दुसऱ्या जागी वाजवल्यावर. म्हणून ही दुसरी जागा वर्षभराने येणाऱ्या धड्यासाठी राखून न ठेवता पहिल्या महिन्यातच दाखवायला हवी, असं मला वाटतं.

बालवाडीतलं मूल तक्त्याकडे बघून ‘क कमळाचा’ म्हणतं, तेव्हा त्याला अक्षर ओळखता येतं की चित्र, हे सांगता येत नाही. तोच क त्याला दुकानाच्या पाटीवर दिसतो, औषधाच्या बाटलीवर दिसतो, तेव्हा कमळ गळून पडतं आणि अक्षर उरतं. एकाच जागी पाहिलेली गोष्ट आणि तिची जागा यांची फारकत मनात होत नाही. गिटारच्या क्लासातली आपली बोलीही याला हातभार लावते. ‘शेप पकड’, ‘शेप सोडू नको’, ‘शेप लवकर बदल’ ही वाक्यं आम्ही शिक्षक दिवसातून कितीदा उच्चारतो, आणि त्यांपैकी एकाही वाक्यात स्वराचा उल्लेख नसतो. पेटी शिकून आलेल्याची अडचण थोडी वेगळी असते. पेटीवर ठरावीक सप्तकातल्या ठरावीक स्वराला एकच पट्टी असते. काळी चारमधून काळी एकमध्ये गेलं की बोटांची सगळी मांडणी बदलते, पण एखादा स्वर कुठे आहे याबद्दल कधी शंका नसते. गिटारवर नेमकं उलटं आहे. इथे एखादा बार कॉर्ड, म्हणजे एक बोट तारांवर आडवं टाकून धरलेला कॉर्ड, तसाच दोन घरं पुढे सरकवला की पट्टी बदलते आणि बोटं तशीच राहतात; पण एकच स्वर अनेक ठिकाणी सापडतो. पियानोच्या मधोमध असतो तो सी गिटारच्या दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला आहे, तिसरीवर पाचव्याला, चौथीवर दहाव्याला आणि पाचवीवर पंधराव्याला. त्यामुळे ‘हा स्वर कुठे वाजवू?’ हा पेटीवर कधीच न पडणारा प्रश्न गिटारवर प्रत्येक वेळी पडायला हवा. तो पडत नसेल, तर आपण गिटारला पेटीसारखं वागवतो आहोत.

आपल्या भाषेत सांगायचं तर मायनर कॉर्ड म्हणजे सा, कोमल ग आणि प. ए हा सा धरला तर सी हा कोमल गांधार आणि ई हा पंचम. तो वेगवेगळ्या तऱ्हांनी वाजवणं यात तीन निरनिराळ्या गोष्टी येतात, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो. पहिली गोष्ट फक्त बोटांची. स्वर तेच, जागा तीच, बोटं वेगळी. ओपन ए मायनर मधलं बोट, अनामिका आणि तर्जनी यांनी धरला, तर तिथून सी मेजरला जाताना एकटी अनामिका हलते. ती तिसऱ्या तारेवरून उठून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर बसते, बाकीची दोन बोटं जागची हलत नाहीत. तोच कॉर्ड अनामिका, करंगळी आणि मधलं बोट यांनी धरला, तर तर्जनी मोकळी राहते. मग अख्खा हात दोन फ्रेट पुढे सरकवून तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर आडवी टाकली की बी मायनर तयार होतो. पहिल्या पद्धतीने बी मायनरला जायचं म्हणजे सगळी बोटं उचलून नव्याने मांडायची. दुसऱ्या पद्धतीने सी मेजरला जायचं तर तेच. ए मायनर धरण्याची बरोबर पद्धत कोणती, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर देता येत नाही. पुढे काय येणार आहे हे आधी विचारावं लागतं. नुसत्या बोटांच्या पातळीवरसुद्धा कॉर्ड एकटा नसतो, तो वाटेवरचा असतो.

कॉर्डला आकार मानण्याची सवय मात्र आजच्या क्लासांनी लावलेली नाही. जिरोलामो मोन्तेसार्दो या इटालियन संगीतकाराने 1606 मध्ये फ्लॉरेन्सला छापलेल्या पुस्तकात गिटारच्या कॉर्डना एकेक अक्षर दिलं होतं. अल्फाबेतो नावाने ती पद्धत पुढे इटलीत रूढ झाली. त्या अक्षरांचा स्वरांच्या नावांशी संबंध नव्हता. ए मायनरचं अक्षर डी होतं. अक्षर दिसलं की हाताने ठरलेला आकार घ्यायचा आणि तारांवरून हात फिरवायचा, एवढीच अपेक्षा. त्या काळच्या गिटारला तारांच्या पाचच जोड्या असत, सहावी तार पुष्कळ नंतर आली. म्हणजे आज ज्या ओपन ए मायनरच्या चित्रात सहाव्या तारेवर फुली मारतात, तो त्या गिटारवर पूर्ण वाद्य व्यापणारा कॉर्ड होता. त्या फुलीचाही अर्थ नीट पाहिला पाहिजे. सहावी मोकळी तार ई आहे, आणि ई तर ए मायनरचाच स्वर. ती वाजली तर बेसूर काही होत नाही, फक्त तळाशी साऐवजी पंचम येतो आणि कॉर्डचा पाया डळमळीत वाटतो. फुली म्हणजे मनाई नव्हे, ती कुणीतरी आपल्या वतीने घेतलेली निवड आहे. अल्फाबेतोवाल्यांनाही एका आकारात अडकून पडणं परवडत नव्हतं. तोच आकार वर सरकवून वाजवायचा असेल तर ते अक्षराबरोबर फ्रेटचा आकडा लिहीत. चारशे वर्षांपूर्वी गाण्याला साथ करणाऱ्यांना जे लागलं, ते आजच्या विद्यार्थ्याला ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणून दूर ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. फक्त तीन बारीक तारा घेतल्या तरी ए मायनर त्यांच्यावर चार ठिकाणी मिळतो. तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेचे फ्रेट या क्रमाने लिहिले तर 2-1-0, मग 5-5-5, मग 9-10-8 आणि शेवटी 14-13-12. पहिल्या ठिकाणी खालून वर सा, ग, प असा क्रम लागतो. दुसऱ्या ठिकाणी ग, प, सा. तिसऱ्या ठिकाणी प, सा, ग. आणि चौथ्या ठिकाणी पहिलाच क्रम वरच्या सप्तकात येतो. तिन्ही स्वरांनी आळीपाळीने टोक गाठलं. कान सगळ्यात आधी सर्वांत वरचा स्वर पकडतो, त्यामुळे हे तीन क्रम नावाला एक असले तरी ऐकताना तीन वेगळी विधानं वाटतात. सा वर असेल तर गोष्ट संपल्यासारखी वाटते. पंचम वर असेल तर मोकळं, दार उघडं ठेवल्यासारखं. कोमल गांधार वर असेल तर कॉर्डमधला उदास सूर थेट समोर येऊन उभा राहतो. याच्या जोडीला तारेच्या लांबीचा फरक असतो. क्लासिकल गिटारची तार साधारण 650 मिलिमीटर कंप पावते. मघाचा सी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर घेतला तर सुमारे 613 मिलिमीटर लांबीची सडसडीत तार वाजते. चौथ्या तारेच्या दहाव्या फ्रेटवर घेतला तर सुमारे 365 मिलिमीटरची, धातूचा वेढा दिलेली जाड तार. कंपनसंख्या तीच, पण पहिल्याचा आवाज उजळ आणि दुसऱ्याचा गोलसर, थोडा दबलेला. हा भेद कळायला कॉर्डची नावं पाठ असावी लागत नाहीत. दोन्ही जागी तो स्वर सावकाश छेडला की पुरे.

तिसरी गोष्ट स्वरांच्या अंतराची, आणि मला सगळ्यात समृद्ध वाटते ती हीच. तानपुरा नीट जुळला की त्यातून न छेडलेला गांधार ऐकू येतो, हे आपल्याकडे गाणं शिकणाऱ्याला ठाऊक असतं. तो स्वयंभू गांधार शुद्ध असतो, कारण कुठलीही तार आपल्या मूळ कंपनसंख्येबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे स्वरही देत असते आणि पाचपटीवर शुद्ध गांधार येतो. गिटारची पाचवी तार सेकंदाला 110 वेळा कंप पावते. तिची पाचपट 550. आता तिच्यावर कोमल गांधार, म्हणजे मधला सी ठेवला, तर त्याची कंपनसंख्या सुमारे 262 आणि दुप्पट 523. न छेडलेला शुद्ध गांधार 550 वर आणि छेडलेल्या कोमल गांधाराची सावली 523 वर, अशी दोघांची बारीक घासाघीस मायनर कॉर्डच्या आत चालू असते. कॉर्डला येणारी किंचित धूसरता काही अंशी तिथून येते, आणि कोमल गांधार कुठे ठेवला यावर ती कमी-जास्त होते. सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ए आणि पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सी एकदम वाजवून पाहा. 110 आणि 131 अशा खालच्या कंपनसंख्या इतक्या जवळ आल्या की आवाज गढूळ होतो, पाण्यात चिखल ढवळल्यासारखा. उलट ओपन ए मायनरमध्ये खालून वर सा, प, सा, ग, प असे स्वर येतात, म्हणजे एकाच मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट आणि सहापटीच्या रांगेत फक्त पाचपटीचा गांधार उतरवून कोमल केलेला. तानपुऱ्याच्या पोटातला क्रम आणि या पाच तारांचा क्रम एकच आहे, एका स्वराचा फरक सोडला तर. ओपन कॉर्ड चांगला का वाजतो याचं कारण हे आहे. पण ते सापडतं गढूळ वाजणाऱ्या दुसऱ्या मांडणीशी तुलना केल्यावर. नुसता ओपन कॉर्ड हजार वेळा वाजवून ते हाती लागत नाही.

कॉर्ड एकटा वाजवण्यासाठी नसतो, म्हणून एका जागेवरच्या ज्ञानाची खरी कसोटी कॉर्ड बदलताना लागते. ए मायनर, डी मायनर आणि ई मेजर ही मायनर गाण्यातली नेहमीची त्रयी घेऊ. ओपन शेपमध्ये प्रत्येक बदलाला हात उचलावा लागतो, आणि हात उचलला की कुठला स्वर कुठे गेला याचा माग हाताला राहत नाही. आता तेच तीन बारीक तारांवर करू. 5-5-5 हा ए मायनर. त्यातला पहिल्या तारेवरचा ए तसाच ठेवायचा, सी चा डी करायचा, ई चा एफ करायचा; 7-6-5, डी मायनर झाला. परत 5-5-5 वर येऊन यावेळी दुसऱ्या तारेवरचा ई तसाच ठेवायचा आणि बाकीचे दोन स्वर एकेक घर मागे घ्यायचे. 4-5-4, ई मेजर झाला. दोन्ही वेळा एक स्वर थांबला आणि दोन स्वर एक-दोन घरांपुरतेच सरकले. कॉर्ड बदलणं म्हणजे एक चित्र पुसून दुसरं काढणं नव्हे, तीन गायक आपापली छोटी पावलं टाकत चालले आहेत, हे इथे बोटांनाच समजतं. ही समज आल्यावर ओपन कॉर्डकडे परत गेलं तर तिथेही ती पावलं दिसू लागतात. कुठलीही व्याख्या न देता हे शिकवता येतं, पण त्यासाठी ए मायनरची दुसरी जागा हाताशी असावी लागते.

चार वाजवणाऱ्यांत बसल्यावर तर कॉर्डचं नावसुद्धा आपल्या एकट्याच्या हातात राहत नाही. गिटारवाल्याने ए, सी, ई वाजवले आणि बेसवाल्याने खाली एफ दिला, तर ऐकणाऱ्याच्या कानावर एफ मेजर सेव्हन्थ पडतो. गिटारवाल्याने मनात काहीही धरलेलं असो. अशा वेळी सहा तारांचा भरगच्च बार कॉर्ड बेसच्या आणि कीबोर्डच्या अंगावर चढून बसतो. फ्रेडी ग्रीन हा गिटारवादक 1937 पासून 1987 मध्ये मृत्यू होईपर्यंत काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात होता. त्याची ख्याती दोन-तीन स्वरांच्या, कधी एकाच स्वराच्या कॉर्डसाठी आहे. पितळी वाद्यांच्या त्या भिंतीत सहा तारा वाजवून काही साधलं नसतं हे त्याला कळलेलं होतं. कधी प्रश्न स्वर किती हा नसतो, ते कधी थांबवायचे हा असतो. ओपन ए मायनरमध्ये पाचवी आणि पहिली तार मोकळी असते, त्यामुळे डावा हात सैल केला तरी त्या वाजतच राहतात. पाचव्या फ्रेटवरच्या बार कॉर्डमध्ये प्रत्येक तार बोटाखाली असते. पकड किंचित ढिली केली की आवाज तिथल्या तिथे तुटतो. रेगेमधला ठोक्यामधल्या रिकाम्या जागेत पडणारा तोडलेला कॉर्ड ओपन शेपने नीट साधत नाही, आणि संथ गाण्यात एकमेकींत मिसळत जाणाऱ्या तारांचा झरा बार कॉर्डने तितका मोकळा वाहत नाही. एकच कॉर्ड येणाऱ्याला यातलं एक काम करता येतं, आणि दुसरं आपल्याला जमत नाही याचं खापर तो बहुधा उजव्या हातावर फोडतो.

आपल्या संगीताशी गिटारची गाठ पडते तिथे आणखी एक पद्धत लागते, ती म्हणजे मायनर कॉर्डमधून मायनर काढून टाकण्याची. अँथनी गोन्सालवीस, सेबास्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजरांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात रागाच्या अंगाने जाणाऱ्या चालींना पाश्चात्त्य स्वरमेळाची जोड दिली. त्या कामातली अडचण आजही मराठी भावगीताला साथ करणाऱ्या गिटारवाल्यापुढे येते. दरबारी कानड्याचा गांधार आंदोलित असतो, तो एका ठिकाणी उभा राहत नाही. फ्रेटवर दाबलेला सी मात्र धातूच्या पट्टीने एकाच जागी खिळलेला असतो. गाणारा गांधारावर झुलत असताना गिटारने आपला ठाम गांधार मध्ये घातला तर तो गाणाऱ्याची वाट अडवतो. अशा वेळी पाचवी मोकळी तार आणि चौथी-तिसरीवरचा दुसरा फ्रेट एवढंच वाजवावं. सा, प, सा. गांधार गाणाऱ्याकडे सोपवावा. कागदावर हा मायनर कॉर्ड उरत नाही, पण ऐकणाऱ्याला मायनरच ऐकू येतो, कारण गांधार गळ्यातून येत असतो. कोणता स्वर वगळायचा हे ठरवण्यासाठी आधी आपल्या कोणत्या बोटाखाली कोणता स्वर आहे हे ठाऊक असावं लागतं. शेप शिकलेल्या हाताला ते ठाऊक नसतं. त्याच्यासाठी तीन बोटं मिळून एक वस्तू असते, आणि वस्तूचा तुकडा काढून ठेवता येतो हे त्याच्या गावीही नसतं.

या सगळ्यावर शिक्षकांकडून येणारा आक्षेप ठरलेला आहे. नवख्याला आधी एक तर धड येऊ द्या. चार जागा दाखवल्या की तो गोंधळतो, गाणं वाजेपर्यंत कंटाळतो आणि गिटार कपाटावर जाते. यातला गाण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दोन-तीन कॉर्डवर एखादं गाणं लवकर वाजलं नाही तर शिकणं टिकत नाही, हे या धंद्यात सगळ्यांना दिसतं. पण मी चार जागा मागतच नाही, एक जास्तीची मागतो आहे; आणि ती जागा ओपन कॉर्डपेक्षा सोपी आहे. एक बोट, तीन तारा, एक फ्रेट. बोटांना घट्टे पडायच्या आधीच हा ए मायनर वाजू शकतो. शिवाय गोंधळ होतो तो पुष्कळ गोष्टी दाखवल्यामुळे कमी, आणि त्यांचं एकमेकींशी नातं न दाखवल्यामुळे जास्त. कॉर्डच्या पुस्तकात एका पानावर ए मायनरच्या बारा आकृत्या ओळीने छापलेल्या असतात तेव्हा तो गोंधळच असतो, कारण बाराही आकृत्या शेपच आहेत. दोन जागा दाखवून ‘दोन्हीकडे सी कुठे आहे ते शोध’ एवढं एकच काम दिलं तर शेपच्या आतला स्वर दिसायला लागतो. तीन आठवड्यांत पाच शेप गोळा करण्यापेक्षा एकाच कॉर्डमध्ये तीन स्वरांचे पत्ते सापडणं, हेच माझ्या लेखी ‘एक धड येणं’ आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. कॅपो आहे ना, मग जागा कशाला शिकायच्या? कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, पाचव्या फ्रेटला लावून ई मायनरचा शेप धरला की ए मायनर मिळतो, सातव्याला लावून डी मायनरचा शेप धरला तरी मिळतो. कॅपो फार उपयोगी वस्तू आहे, आणि दोन गिटार असतील तर एक मोकळी व एक कॅपो लावलेली ही जोडी सुरेख वाजते. पण कॅपो जागा बदलतो तो अख्ख्या गिटारची, अख्ख्या गाण्यासाठी. गाण्याच्या मध्यावर, एका ओळीपुरता, कोमल गांधार वर आणायचा असेल तर कॅपो तिथे काही करू शकत नाही. याच्याच शेजारचा आक्षेप असा की ऐकणाऱ्याला हा फरक कळत नाही. नाव सांगता येत नाही, एवढंच खरं. ‘द ॲनिमल्स’ने 1964 मध्ये गायलेल्या ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ची सुरुवात हिल्टन व्हॅलेंटाइनच्या ओपन ए मायनरने होते, एकेक तार छेडत. लेड झेपलिनच्या 1971 मधल्या ‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवातही ए मायनरच्याच, एकेक तार छेडलेल्या स्वरांनी होते. पण तिथे जिमी पेजचा हात पाचव्या फ्रेटपाशी आहे, खालचा स्वर एकेक घर उतरत जातो आणि वरचा चढत जातो. ओपन जागेवर ती चाल तशी करताच येत नाही, कारण वरचा ए तिथे हाताखाली नसतो. गिटारमधलं अक्षर न कळणारा माणूसही या दोन गाण्यांच्या पहिल्या काही क्षणांत घोटाळा करत नाही. कॉर्डचं नाव सारखं आहे, गाणं ओळखू आलं ते जागेवरून.

तिसरा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. थोर वादकांनी मोजक्याच गोष्टी केल्या आणि त्या मन ओतून केल्या. जागांचा हिशोब करत बसणाऱ्याच्या हातून भाव निसटतो, असं त्याचं म्हणणं. मोजकेपणाबद्दल वाद नाही. पण मोजकेपणा आणि अपुरेपणा बाहेरून सारखे दिसतात, आतून ते वेगळे असतात. गिटारवादक जँगो राइनहार्टचा डावा हात 1928 च्या आगीत भाजला आणि अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाली. नेहमीचे शेप त्याला बंद झाले. 1937 मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं त्याचं ‘मायनर स्विंग’ ए मायनरमध्येच आहे. त्याच्या शैलीत ए मायनर वाजतो तो बहुधा सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर चौथा, तिसरी आणि दुसरीवर पाचवा असा. मधली पाचवी तार मुकी, आणि कॉर्डमध्ये एफ शार्पची भर. उरलेल्या बोटांना झेपेल अशी ही मांडणी आहे, आणि त्या परंपरेतल्या चार धड बोटांच्या वादकांनीही ती उचलली, कारण ती ऐकायला तशीच हवीशी आहे. एका शेपवर ज्याचं शिक्षण थांबलेलं असतं त्याच्या हाताला इजा झाली तर त्याचा कॉर्ड संपतो. स्वर ओळखणाऱ्याला दुसरी वाट सापडते. आणि हिशोबाबद्दल म्हणाल तर पलटे घोकणाऱ्या गायकाचा भाव आटतो असं आपण कधी म्हणत नाही. तेच स्वर निरनिराळ्या वाटांनी इतके वेळा घोटायचे की गाताना वाट आठवावी लागू नये, हा आपल्याकडचा जुना रियाज आहे. ए मायनरच्या तीन जागांना तोच न्याय लावायला हरकत नसावी.

याचा अर्थ ओपन ए मायनर मागे टाकायचा असा होत नाही. मोकळ्या तारांचा ठणठणीतपणा त्याच्याइतका दुसरीकडे क्वचितच मिळतो, आणि वर्षानुवर्षं वाजवणारेसुद्धा पुन्हा पुन्हा तिथेच येतात. फरक येण्यात असतो. ज्याला तेवढंच माहीत आहे तो तिथे असतोच, तो येत नाही. सा खाली हवा, गांधार सप्तकभर दूर हवा, पंचम वर मोकळा वाजत राहायला हवा आणि पुढे सी मेजरला जायचं आहे, हे चार निर्णय झाले की बोटं आपोआप पहिल्या दोन फ्रेटवर उतरतात, आणि सहाव्या तारेवरची फुली आपण स्वतः मारलेली असते. म्हणून नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या महिन्यात माझ्या मते दोनच गोष्टी हव्यात. एका बोटाचा पाचव्या फ्रेटवरचा ए मायनर आणि तीन बोटांचा ओपन ए मायनर एकामागोमाग वाजवायचे, आणि दोन्ही वेळा विचारायचं की कोमल गांधार कोणत्या तारेवर आहे. पाचव्या फ्रेटवर तो तिसऱ्या तारेवर, सगळ्यांच्या खाली सापडतो. ओपनमध्ये तो दुसऱ्या तारेवर, तर्जनीच्या टोकाखाली असतो. ते एकच बोट एक घर पुढे सरकवलं की सी चा सी शार्प होतो, कोमल गांधार शुद्ध होतो, आणि ए मायनरचा ए मेजर.